खडखड नेमकी कुठली? जुन्या गाडीचा लिंक रॉड, लोअर आर्म आणि शॉकअप बदलताना

माझ्याकडे 2009 ची स्विफ्ट आहे, केए-22, म्हणजे बेळगाव पासिंगची. दोन पावसाळ्यांपूर्वी चोर्ल्याहून कणकुंबी-जांबोटीमार्गे बेळगावला परतताना पुढून डावीकडून खडखड सुरू झाली. एका गॅरेजला दाखवली. मेस्त्रींनी बॉनेटवर एकदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, “शॉकअप गेलेत, जोडी बदलून सोडू.” बदलले. पैसे देऊन निघालो आणि गोवावेस सर्कलपर्यंत पोचायच्या आत तीच खडखड पुन्हा ऐकू आली. दुसऱ्या दिवशी स्वतः खाली वाकून पाहिलं, तर स्टॅबिलायझरच्या लिंकचा बॉल सैल झाला होता आणि लोअर आर्मचा मागचा रबरी बुश अर्धा फाटून लोंबत होता. लिंक म्हणजे शॉकअपच्या जोडीपुढे किरकोळ किमतीची वस्तू. (कोणता पार्ट कुठे बसतो आणि काय करतो ते पुढे सांगितलंय.)

तेव्हापासून घरच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांचं हे काम मी स्वतः करतो. ज्यांनी आजवर फार तर स्टेपनी बदलली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सस्पेन्शनमधला जवळजवळ सगळा वाया जाणारा पैसा चुकीचा पार्ट बदलण्यात जातो. म्हणून आधी आवाज शोधण्यावर जास्त लिहिलंय, पाना चालवण्यावर त्यानंतर.

आपल्याकडे हे पार्ट लवकर का जातात

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो आणि लाल चिखल गाडीच्या पोटाला थरावर थर बसतो. बॉल जॉइंट म्हणजे वाटीत गोळी बसवलेला, सगळीकडे वळणारा सांधा. त्यावर एक रबरी टोपी असते, तिला गॅरेजमध्ये बूट म्हणतात. बुटाला बारीकशी चीर पडली की आत ग्रीसमध्ये पाणी आणि माती मिसळते आणि सांधा घासला जातो. निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडची गोष्ट वेगळी. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्याच्या कडा मोडून टाकतात. समोरून वाहन आलं की आपलं डावं चाक डांबरावरून खाली उतरतं आणि पुन्हा वर चढतं. माझ्या पाहण्यात आपल्या भागातल्या गाड्यांची डावी बाजू आधी सैल होते, ती यामुळेच. त्यात गावागावांतले पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर.

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हार घालतो. त्याच दिवशी गाडीखालचा चिखलही पाण्याच्या जोरानं काढा आणि वाळल्यावर बॅटरी घेऊन रबरं बघा. पाऊस संपलेला असतो, आणि चिखल गेलेला असला की चिरा लगेच दिसतात.

कोण काय काम करतं

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन एकाच पद्धतीचं असतं. चाकाचा हब ज्या बिडाच्या तुकड्यावर बसतो त्याला नकल म्हणतात. नकलला खालून लोअर आर्म धरतो आणि मध्ये बॉल जॉइंट असतो. नकलला वरून धरतो तो स्ट्रट. स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून झालेला खांब. तो बॉनेटखाली रबरी माउंटला टांगलेला असतो. लोअर आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडतो तिथे रबराचे बुश. वळणावर गाडी एका अंगावर झुकू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर, आणि त्याच्या टोकांना लिंक रॉड. मारुती 800 सारख्या जुन्या गाडीत लिंक वेगळी नसते. तिथे स्टॅबिलायझरचं टोक थेट आर्ममध्ये बुश लावून बसवलेलं असतं आणि आर्म पुढे-मागे सरकू न देण्याचं कामही तोच दांडा करतो. त्यामुळे त्या गाडीत ते बुश गेले की ब्रेकला गाडी ओढते.

शॉकअपबद्दल एक गैरसमज फार आहे. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. शॉकअप फक्त स्प्रिंगचा झोका थांबवतो. गाडी एका बाजूनं खाली बसली असेल तर शॉकअपच्या आधी स्प्रिंग तुटली आहे का ते बघा.

आवाज शोधणं

खिडक्या उघड्या, रेडिओ आणि एसी बंद. शेजारी कुणाला तरी बसवा. बेळगावच्या कॅम्पातले सकाळचे रिकामे रस्ते यासाठी चांगले. आधी दहा-पंधराच्या वेगानं बारीक खडबडीतून चला, मग एक स्पीडब्रेकर तिरका घ्या म्हणजे एकेक चाक वेगळं चढेल.

बारीक खडबडीवर सुटी नाणी डब्यात हलवल्यासारखी कटकट आली तर पहिला संशय लिंक रॉडवर. ब्रेक दाबताना किंवा क्लच सोडताना एकच ‘धड’ असा आवाज आला तर लोअर आर्मचा बुश. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं की वरून करकर आली किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा ‘टण’ झाला तर स्ट्रटचं माउंट नाही तर त्यातलं बेअरिंग. खड्ड्यात चाक आपटून वर येताना ठोका बसतो आणि त्यानंतर गाडी दोन-तीन झोके घेत राहते, तेव्हा शॉकअप. दोन आवाज सस्पेन्शनचे नसतात, तरी लोक त्यासाठी सस्पेन्शन बदलून बसतात. पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर टकटकटक आलं तर तो ॲक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर वाढत जाणारी घुर्रर असेल तर चाकाचं बेअरिंग.

मग गाडी सपाट जागी लावा. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदा खाली जाऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप गेला. पण ही चाचणी पास झाली म्हणून शॉकअप चांगलाच आहे असं समजू नका. अर्धा थकलेला शॉकअपही यातून निभावतो. त्याच्या अंगावर बोट फिरवा. हलका तेलकट धुरळा चालतो, ओलं तेल ओघळलेलं चालत नाही. टायरवर तळहात फिरवा, लाटांसारखे उंचवटे लागले तर शॉकअप बरेच दिवसांपासून काम करत नाही.

आता चाक जॅकनं उचला, स्टँड (उचललेल्या गाडीखाली ठेवायचा लोखंडी टेकू) लावा. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा. हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दोघांतलं कोणतं ते कळायला आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. नंतर तीन आणि नऊवर धरून हलवा. तिथला खेळ बहुधा टाय रॉडच्या, म्हणजे स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या एंडचा किंवा आतल्या रॅक एंडचा असतो. बुशसाठी आर्म आणि सांगाड्याच्या मध्ये टॉमी (लांब लोखंडी पहार) घालून हलकेच उचका. रबर थोडं दबणारच, पण आतली लोखंडी नळी रबरापासून सुटलेली दिसली किंवा आर्म ‘ठक’ करून सरकला की बुश संपला. लिंकला मुठीत धरून झटका द्या. चांगल्या लिंकमध्ये खेळ नसतो.

माझ्या बाबतीत हे सगळं करायला पाऊण तास पुरला असता. कागदावर डावं-उजवं लिहून ठेवा आणि मगच दुकानात जा.

पार्ट घेताना

चासी नंबर आणि मॉडेलचं साल बरोबर न्या. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलचे शॉकअप-स्प्रिंग वेगळे असतात, कारण डिझेल इंजिन जड. जुना पार्ट काढून नेला तर उत्तम. खोक्यावर छापील किंमत, पार्ट नंबर, कंपनीचं सील नीट बघा. खोकं मूळ कंपनीसारखं दिसतं पण नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडं, असं मी स्वतः पाहिलंय. डावा-उजवा नेहमी सीटवर बसून पुढे तोंड करून ठरवायचा. ड्रायव्हर साइड म्हणजे उजवी. बेळगावच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर मराठी, कानडी, उर्दू काहीही बोला, बुश, लिंक आणि आर्म हे शब्द तिन्हींत तेच आहेत.

शॉकअप जोडीनंच बदलायचे, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एक नवा आणि एक थकलेला अशी गाडी ओल्या रस्त्यावर ब्रेकला सरळ राहत नाही. लिंक एकच बदलली तरी चालते. लोअर आर्मच्या बाबतीत, फक्त बुश प्रेसनं दाबून बसवता येतो. उद्यमबागेत हायड्रॉलिक प्रेस असलेली वर्कशॉपं आहेतच. पण बॉल जॉइंट आर्मला धरूनच येत असेल आणि गाडी लाखावर पळाली असेल, तर मी पूर्ण आर्मच घेतो. बुश नवा आणि बॉल जॉइंट जुना ठेवला तर वर्षभरात सगळं पुन्हा उघडावं लागतं. नट-बोल्ट नवे घ्या, विशेषतः नायलॉनची कडी असलेले लॉक नट.

गाडी उचलण्याआधी

हे वाचून सोडून देऊ नका. गाडीसोबत आलेला जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हातही घालायचा नाही. दोन चांगले स्टँड विकत घ्या. जागा काँक्रीटची किंवा फरशीची हवी. अंगणातल्या मातीत स्टँडचे पाय रुततात, तिथे जाड फळी घाला. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. स्टँड लावल्यावर गाडी बाजूनं ढकलून बघा. हलली तर पुन्हा लावा. काढलेलं चाक गाडीच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा, काही झालं तरी गाडी त्यावर टेकेल.

हत्यारांत 12, 14, 17 आणि 19 मिलिमीटरचे रिंगपाने आणि सॉकेट, लांब दांडा, तारेचा ब्रश, हातोडी, टॉमी, ॲलन की (षटकोनी भोकात बसणारी किल्ली) आणि शक्य असेल तर टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना. आदल्या संध्याकाळी सगळ्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. कणकुंबीच्या पावसात पंधरा वर्षं भिजलेला बोल्ट असा रात्रभर मुरला तरच सरळ निघतो, नाहीतर डोकं गोल होतं.

लिंक रॉड

सुरुवात इथूनच करा. शक्यतो दोन्ही पुढची चाकं उचला. एकच उचलली तर स्टॅबिलायझर पिळलेला राहतो आणि लिंक निघता निघत नाही. नट फिरवला की मागचा बॉलही नटाबरोबर गरागरा फिरायला लागतो, आणि नवशिका इथे तासभर अडकतो. बॉलच्या दांड्याच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं किंवा मागे पातळ पाना बसेल अशा दोन सपाट बाजू असतात. ते धरून ठेवा आणि रिंगपान्यानं नट काढा. ॲलनचं भोक गंजानं भरलेलं असतं. आधी टोकदार खिळ्यानं ते खरवडून साफ करा. तरीही घसरलं तर भांडत बसू नका, जुनी लिंक ग्राइंडरनं कापा. ती टाकूनच द्यायची आहे. ठिणग्या ब्रेकच्या रबरी नळीवर आणि बुटांवर उडू देऊ नका, ओलं फडकं गुंडाळा.

लोअर आर्म

बॉल जॉइंट नकलमध्ये दोन प्रकारे बसतो. एका प्रकारात नकलच्या फटीत दांडा घालून आडवा बोल्ट आवळलेला असतो. तो बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण उपसावा लागतो, कारण तो दांड्याच्या खाचेतून गेलेला असतो. मग फटीत जाड पेचकस घालून ती किंचित रुंदावा आणि टॉमीनं आर्म खाली दाबा. दुसऱ्या प्रकारात दांडा निमुळता असतो, वर खाचांचा नट आणि तो सुटू नये म्हणून भोकातून घालून वाकवलेली कॉटर पिन. इथे पुलर (सांधा ओढून सोडवायचं हत्यार) वापरा. नसेल तर नट दोन-तीन आटे राहू देऊन नकलच्या कानावर बाजूनं हातोडीचा एक जोरकस ठोका द्या. दांड्याच्या आट्यांवर कधीही मारू नका. निमुळत्या जागेत ग्रीस लावायचं नाही, पुसून कोरडीच बसवायची. खाचांचा नट पिनच्या भोकाशी जुळला नाही तर पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही. पिन नेहमी नवी.

मग सांगाड्याकडचे पुढचा आणि मागचा बोल्ट. कुठला बोल्ट कुठून कुठे गेला होता याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवा आर्म लावताना तिन्ही बोल्ट आधी हातानं आट्यात घाला. एक पूर्ण आवळून दुसरा शोधायला गेलात तर भोकं जुळत नाहीत.

आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होताना ते फिरत नाही, पिळतं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत पक्कं होतं. गाडी जमिनीवर ठेवली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला. पुष्कळदा पार्ट चांगला असतो, आवळण्याची वेळ चुकलेली असते. म्हणून बुशचे बोल्ट आधी फक्त टेकतील इतकेच घ्या. मग गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा पुढून दाबून बसू द्या आणि त्यानंतर शेवटचं आवळा. खाली हात जात नसेल तर सर्व्हिसिंग सेंटरच्या रॅम्पवर हळू न्या, किंवा स्टँड जागेवर ठेवून बॉल जॉइंटच्या जवळ आर्मखाली जॅक लावा आणि गाडी स्टँडवरून उचलली जातेय असं वाटेपर्यंत चढवा. त्या उंचीला आवळा. बॉल जॉइंटचा आणि लिंकचा नट मात्र कधीही पूर्ण आवळला तरी चालतो.

बुशला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगून सुटतं. बसवताना साबणाचं पाणी पुरतं.

पुढचा स्ट्रट

हे काम अर्धं घरी, अर्धं गॅरेजमध्ये करा. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून सोडवा. नकलला धरणारे दोन बोल्ट उघडण्याआधी जोडाभोवती पांढऱ्या रंगाची किंवा खडूची रेघ मारा. काही गाड्यांत तिथेच चाकाचा कल ठरतो. नकल तारेनं बांधून ठेवा. न बांधता बोल्ट काढले तर ती बाहेर झुकते, ब्रेकची नळी ताणली जाते आणि ॲक्सलचा आतला जॉइंट कपातून निसटू शकतो. मग बॉनेट उघडून माउंटभोवतीचे दोन-तीन नट काढा, एक हात खाली स्ट्रटला धरून.

मधल्या मोठ्या नटाला हात लावायचा नाही. त्याच्याखाली गाडीचा एक कोपरा पेलणारी स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तो नट स्प्रिंग दाबून न धरता उघडला तर माउंट तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं आणि माणूस जिवानिशी जातो. स्प्रिंग दाबायचं हत्यार भाड्यानं मिळालं तरी पहिल्या खेपेला वापरू नका. दोन्ही स्ट्रट पोत्यात घालून स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये न्या, मेस्त्रींसमोर उभं राहून अदलाबदल करून घ्या. माउंट, बंप स्टॉप (शॉकअप तळाला आदळू न देणारा रबरी ठोकळा) आणि डस्ट कव्हर तेव्हाच नवे टाका. स्प्रिंगचं खालचं टोक तबकडीतल्या पायरीला टेकलंय का ते स्वतः बघा. हे घाईत हमखास राहून जातं आणि मग वळताना ‘टण’ वाजतं.

मागचे शॉकअप त्यामानानं सोपे, कारण बऱ्याच लहान गाड्यांत मागे स्प्रिंग वेगळी असते. फक्त मागच्या बीमखाली (दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या तुळईखाली) दुसरा जॅक लावून ठेवा, नाहीतर शॉकअप सुटताच बीम खाली येतो, नळी ताणते आणि स्प्रिंग निसटते. एका वेळी एकच बाजू उघडा.

काम झाल्यावर

चाकाचे नट समोरासमोर, आलटून-पालटून आवळा. लहान गाड्यांत हा आकडा साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरमध्ये असतो, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात मिळेल. पाइप घालून त्यावर उभं राहण्याची गरज नसते. हलवण्याआधी ब्रेक दोन-तीनदा दाबा आणि स्टेअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवून नळी कुठे घासत नाही ना ते बघा.

लोअर आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉड यांपैकी काहीही उघडलं असेल तर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर नवे टायर आतल्या कडेनं महिन्या-दोन महिन्यांत खाऊन जातात. फक्त लिंक बदलली असेल तर गरज नाही. अलाइनमेंट बुशचे बोल्ट शेवटचे आवळल्यानंतरच करा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा.

शंभरेक किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पान्यानं पुन्हा तपासा. आवळल्यावर बोल्टाच्या डोक्यापासून शेजारच्या लोखंडापर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली तर बोल्ट फिरलाय की नाही ते नुसतं वाकून दिसतं. जुने गॅसचे शॉकअप भंगारात देताना दुकानदाराला सांगा की आत दाबाखाली नायट्रोजन आहे, गॅस कटर लावू नका.